हे

देवळाली कॅम्पात, भाड्याच्या सॅनिटोरियममध्ये
अकरा दिवसांचा वर्ग होता,
हज्जान व्हायचं कसं, त्याचा.
शिकवणारे तीन. तिघांच्या वाटा तीन.
जेरुसलेमचे रब्बी अझरिएल, चहाआधी भांड्याची चौकशी करणारे.
रब्बी फेल्डमन, ज्यांच्याकडे कशालाही दोन मतं असत.
आणि रब्बी नोआ, बाई,
विणलेली टोपी केसांत पिनेनं अडकवलेली.
स्वयंपाक शाकाहारी ठेवला होता,
त्यामुळे निदान पिठल्यावर एकमत झालं.

शिकणारे सात पुरुष, आणि मी,
सिपोरा दिघोडकर.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा तपासल्या.
एक आकडा लंगडा निघाला की ताव रद्द.
घरी येऊन भाजी निवडतानाही
बोटं कडा चाचपायची.

पहिल्याच दिवशी तोफा वाजल्या.
खिडक्यांची तावदानं थरथरली.
जेरुसलेमचे रब्बी टेबलाखाली जायच्या बेतात होते.
पेणचे हनोखमामा म्हणाले, "बसा, बसा. सराव आहे."
मग आम्हीही सराव केला:
स्वर कुठे चढवायचा, कुठे श्वास चोरायचा,
मेलेल्याला आंघोळ घालताना पाणी कुठून ओतायचं,
नव्या नवरीची भीती कशी ओळखायची.
(हे शेवटचं फक्त नोआबाईंनी शिकवलं.
हनोखमामांनी ते वहीत दोनदा लिहून घेतलं.)

दुपारी वाद होत.
बाईनं तोरा वाचावी का?
एक म्हणे नाही, एक म्हणे हो,
एक म्हणे दोन मतं आहेत.
मी ऐकत असे, आणि मनुके निवडत असे.
आमच्या आज्यांनी तेलाच्या घाण्याजवळ
शनिवार पाळला, तेव्हा
त्यांना कुणी विचारलं नव्हतं कुठल्या वाटेच्या.

शुक्रवारी चार वाजता
गोदरेजच्या कपाटातून जुना सेफेर काढला.
तीस वर्षं उघडला नव्हता. कापराचा वास.
अझरिएल म्हणाले, उद्या वाचायचा तर आधी तपासायला हवा,
पण माझा चष्मा आता पुरत नाही.
सगळे माझ्याकडे बघू लागले.

पर्समधून भिंग काढलं.
ओळीमागून ओळ. पाठ भरून आली.
एकविसाव्या स्तंभात, खालून सहाव्या ओळीत
'हे' या अक्षराचा डावा पाय
छताला टेकल्यासारखा दिसला.
टेकला असेल तर ते 'हे' नाही, 'खेत' आहे,
आणि सगळा सेफेर बाद.

मी गप्प राहू शकले असते.
नुसतं भिंग मिटायचं होतं.
पण एकतीस वर्षं पगार घेतला होता.

तिघंही वाकले. तीन टोप्या एका अक्षरावर.
कुणी म्हणालं फट आहे, कुणी म्हणालं सावली.
बाहेर ऊन उतरत होतं, एकदा ते गेलं की
शाईला हात लावता येणार नव्हता.
मग अझरिएल म्हणाले, लेकरू बोलवा.
मी चमकले. पण नियमच आहे तो:
फार शहाणंही नको, फार खुळंही नको,
अक्षरं ओळखणारं मूल.

माझा नातू निस्सीम अंगणात
तोफेचे आवाज तोंडानं काढत होता.
हात धुऊन आणला. सातवं सरलेलं.
"हे काय?" मी बोट न लावता विचारलं.
"हे," तो म्हणाला.
आम्ही सगळे थांबलो.
मराठीत हे उत्तर की प्रश्न, कुणाला कळेना.
"हेच ना गं," तो वैतागला, "अक्षर हे.
पण त्याचा पाय दुखतोय."

फेल्डमन हसता हसता खाली बसले.
मेणबत्त्या लावायला चारच मिनिटं उरली होती.

शनिवारी सकाळी
हनोखमामा माणसं मोजायला उठले.
आमच्यात आकडे म्हणून माणसं मोजत नाहीत,
दहा शब्दांचं एक वचन आहे,
माणसामागे एक शब्द.
पहिले सात शब्द सात विद्यार्थ्यांना,
दोन मास्तरांना दोन.
दहावा शब्द
मामांच्या तोंडात होता.
नोआबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.
सेफेर उघडा होता,
आणि अझरिएल, कुणाकडेच न बघता,
पानावरच्या त्या दुखऱ्या पायापाशी
चांदीचं बोट टेकवून उभे होते.